गजक फक्त निमित्त झाली

डॉक्टर, नमस्कार. मी ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहते, वय ४७. मागच्याच्या मागच्या दिवाळीत माझ्या खालच्या डाव्या दाढेचं रूट कॅनल झालं. वरून पांढरं सिमेंट भरलं आणि डॉक्टर म्हणाले, महिन्याभरात कॅप बसवून घ्या. दुखणं थांबलं होतं, घरात लग्नकार्य निघालं, मग राहूनच गेलं. परवा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला कुणीतरी मुरैन्याची गजक, म्हणजे तीळ-गुळाची कुरकुरीत मिठाई, आणली होती. तीही अगदी खस्ता, तोंडात टाकताच विरघळणारी. एक घास घेतला आणि दाढेचा जिभेकडचा अर्धा भाग तुटून हातात आला. रक्त नाही, ठणका नाही. गजक घेतलीच नसती तर, हे मनातून जात नाही. एका डॉक्टरांनी सांगितलं, काढून टाका आणि इम्प्लांट, म्हणजे हाडात बसवलेला कृत्रिम दात, करा. दुसरे म्हणाले, पोस्ट घालून कॅप बसवू, पण किती चालेल सांगता येत नाही. पुण्याच्या नणंदबाई म्हणतात, रूट कॅनल केलं की दात काचेसारखा होतो, करायलाच नको होतं. दाढ ठेवू की काढू? ठेवली तर किती वर्षं? कॅप कोणती घेऊ? आणि माझ्या १७ वर्षांच्या मुलाच्या वरच्या पुढच्या दाताचंही गेल्या वर्षी क्रिकेटचा चेंडू लागून रूट कॅनल झालंय. माझ्यासारखं व्हायला नको म्हणून त्याला आत्ताच कॅप करून टाकू का?
– एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर

ताई,

तुटलेला तुकडा टाकून दिला नसेल तर तो खिडकीशी न्या आणि त्याची तुटलेली बाजू उजेडात धरून पाहा. सगळी बाजू सारखीच पांढरी, ताजी दिसते का, की एका कडेला चहाच्या डागासारखा तपकिरी पट्टा आहे? पट्टा दिसला तर तेवढा भाग हळदीकुंकवाच्या दिवशी तुटलेला नाही. तो कित्येक महिने आधीच फाटला होता आणि त्या फटीत चहा, हळद, लाळ रोज झिरपत होती. परवा तुटला तो उरलेला पांढरा भाग.

गजक फक्त निमित्त झाली. त्या दिवशी ती नसती तर पुढच्या आठवड्यात गुळाच्या पोळीनं तेच झालं असतं, नाहीतर भातातल्या एखाद्या खड्यानं. दातात तडा एका दिवसात आरपार जात नाही. घास चावताना दाढेच्या उंचवट्यांवर जोर येतो, ते अगदी कणभर बाहेर झुकतात आणि परत जागेवर येतात. जोरात चावलं तर एका दाढेवर ५० किलोच्या आसपास भार येऊ शकतो. रोजचं जेवण तेवढं कठीण नसतं, पण हे झुकणं दिवसातून शेकडो वेळा होतं. तार एकाच जागी वाकवत राहिलं की एक दिवस ती बोटातल्या बोटात तुटते आणि शेवटच्या वाकवण्याला काही जोर लागत नाही. तुमच्या दाढेचं तसंच झालं. खस्ता गजकेनं ती तुटली, यावरूनच ती आधी किती फाटली होती ते कळतं.

आता नणंदबाईंचं म्हणणं. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी निम्मे लोक हेच सांगतात, आणि त्यात त्यांची चूक नाही. नस गेली, रक्तपुरवठा गेला, म्हणजे झाड वाळतं तसा दात वाळणार आणि ठिसूळ होणार, असं दंतवैद्यकातही बरीच वर्षं मानत. १९९२ मध्ये सेजली आणि मेसर या संशोधकांनी ही समजूत तपासून पाहिली. त्यांनी दातांच्या २३ जोड्या घेतल्या. जोडीतले दोन्ही दात एकाच माणसाच्या तोंडातले, एकाच जागेचे, उजवा आणि डावा. एकाचं रूट कॅनल झालेलं, दुसरा जिवंत. दोघांचा कठीणपणा आणि तुटायला लागणारा जोर मोजला. फरक इतका किरकोळ निघाला की रूट कॅनलमुळे दात ठिसूळ होतो असं म्हणायला आधारच उरला नाही.

मग असे दात तुटतात कशानं? याचं उत्तर मला १९८९ च्या एका प्रयोगात सगळ्यात स्वच्छ दिसतं. रीह, मेसर आणि डग्लस यांनी काढलेल्या वरच्या उपदाढा घेतल्या, त्यांच्यावर टप्प्याटप्प्यानं काम केलं आणि दर टप्प्याला दाताचा ताठपणा, म्हणजे जोराखाली तो किती कमी झुकतो, हे मोजलं. नुसतं रूट कॅनलसाठी वरून छिद्र पाडलं तेव्हा ताठपणा सुमारे ५ टक्क्यांनी घटला. चावायच्या बाजूला फिलिंगसाठी खड्डा केला तेव्हा सुमारे २० टक्क्यांनी. आणि तोच खड्डा दाताच्या पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही कडा कापून आरपार नेला, तेव्हा ६३ टक्क्यांनी.

लष्करात जुने वाडे पाडताना तुम्ही पाहिलेच असतील. आधी तुळया काढतात. तुळया निघाल्या तरी भिंत तेवढीच जाड असते, दगडही तोच आणि चुनाही तोच. पण समोरच्या भिंतीशी तिला बांधून ठेवणारं काही राहत नाही, आणि मग हातानं लोटली तरी ती हलते. दाढेच्या पुढच्या-मागच्या दोन कडा म्हणजे या तुळया. गालाकडची भिंत आणि जिभेकडची भिंत त्या एकमेकींशी बांधून ठेवतात. तुमच्या बाबतीत त्या कीडीनं आधीच खाल्ल्या होत्या. रूट कॅनलची वेळ येते ती बहुतेक वेळा कीड इतकी खोल गेल्यावरच, म्हणून लोकांना वाटतं की दात रूट कॅनलनं कमजोर झाला. नणंदबाईंना सांगा की रूट कॅनल केलं नसतं तर ती दाढ पंधरा महिन्यांपूर्वीच गेली असती, आणि जाताना खूप दुखून गेली असती.

माझ्या टेबलाच्या खणात काचेच्या छोट्या बाटलीत एक दाढ आहे. माझ्या प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या काळातली. एक निवृत्त शिक्षक माझ्याकडे यायचे, त्यांच्या दाढेचं रूट कॅनल मी केलं होतं. एक्स-रे इतका सुंदर आला होता की मी तो दोन-तीन सहकाऱ्यांना दाखवला होता. कॅपचं त्यांना सांगितलं, ते म्हणाले पेन्शनचे पैसे आले की बघू, आणि मी मान डोलावली. दोन वर्षांनी ते आले तेव्हा दाढ पुढून मागे, मुळांच्या फाट्यापर्यंत, सरपणाचं लाकूड फोडावं तशी उभी चिरली होती. दोन्ही अर्धुकं वेगवेगळी निघाली. मी आजही ती बाटली हातात घेते तेव्हा तड्याची काळी रेघ एका बाजूनं कशी सुरू झाली आणि हळूहळू कशी खाली उतरली, ते नखानं चाचपता येतं. मुळांच्या आतलं काम तसंच शाबूत आहे, टोकापर्यंत. ते काम मी मन लावून केलं होतं, आणि त्याच्यावर छप्पर घालायला लावण्याइतका जोर धरून बोलले नव्हते. तेव्हापासून मी रूट कॅनलचा खर्च सांगताना कॅपचा खर्च त्यातच धरून सांगते. वेगळा आकडा सांगितला की माणसाला ते वेगळं, पुढे ढकलता येणारं काम वाटतं.

थायलंडमध्ये २००५ साली कॅप न बसवलेल्या, रूट कॅनल झालेल्या दाढांचा असाच हिशोब मांडला गेला. एका वर्षानं ९६ टक्के दाढा टिकून होत्या, दोन वर्षांनी ८८ टक्के, पाच वर्षांनी फक्त ३६ टक्के. हे आकडे नीट पाहा. पहिली दोन वर्षं काहीच होत नाही असं वाटतं आणि मग घसरण लागते. म्हणूनच लोक फसतात. ज्या दाढांमध्ये वरच्या छिद्रापलीकडे फारसं काही गेलेलं नव्हतं, चारी भिंती आणि दोन्ही कडा शाबूत होत्या, त्यातल्या मात्र ७८ टक्के पाच वर्षांनीही चांगल्या होत्या. तेव्हा प्रत्येक दाढेला डोळे मिटून कॅप लावावी असं मी म्हणत नाही. किती भिंत उरलीय ते पाहून ठरवायचं. तुमच्या दाढेत ती कमी उरली होती, म्हणून तुमच्या डॉक्टरांनी महिन्याची मुदत घातली.

आता एका गोष्टीबद्दल मला तुम्हाला जरा ओरडायचंय. तुम्ही लिहिता, "रक्त नाही, ठणका नाही", आणि त्या ओळीत सुटकेचा नि:श्वास ऐकू येतो. ताई, त्या दाढेतली ओरडणारी नस काढलेली आहे. आत कीड लागली, तडा गेला, फिलिंगखालून लाळ झिरपली, तरी ती तुम्हाला सांगणार नाही. हिरडी सुजेपर्यंत किंवा हाडात पू होईपर्यंत सगळं गप्प असतं. आत्ता जिथून तुकडा उडाला तिथून लाळेतले जंतू मुळांमधल्या भरावापर्यंत पोचू शकतात. मुळांत गटापर्चा म्हणून जे रबरासारखं भरलेलं असतं ते वरून झाकलेलं असेपर्यंतच कामाचं. उघडं पडून काही आठवडे गेले तर वर नवी कॅप बसवण्याआधी रूट कॅनल पुन्हा साफ करून भरावं लागू शकतं. म्हणून निर्णय काहीही होवो, डॉक्टरांकडे याच आठवड्यात जा आणि निदान तात्पुरतं तरी ते भोक बुजवून घ्या.

ठेवायची की काढायची? दोन डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या म्हणून तुम्ही गोंधळल्या आहात. दोघांपैकी कोण बरोबर हे दाढेत दोन ठिकाणी मोजल्यावर कळेल, आणि तुमच्या पत्रात कुणी काही मोजल्याचा उल्लेख नाही.

पहिलं मोजणं हिरडीत. मिलिमीटरच्या खुणा असलेली बारीक, बोथट सळई हिरडी आणि दाताच्या मधून हळूच खाली घालून दाताभोवती सगळीकडे फिरवतात. सगळीकडे दोन-तीन मिलिमीटर आणि एकाच अरुंद जागी ती सरसर सात-आठ मिलिमीटर खाली गेली, तर तिथे मुळाला उभा तडा असल्याची दाट शंका घ्यायची. एक्स-रेमध्ये असा तडा पुष्कळदा दिसत नाही, सळईला मात्र तो सापडतो. मूळ उभं चिरलेलं असेल तर पहिले डॉक्टर बरोबर, दाढ काढावी लागेल, आणि मग तिच्यावर पैसे घालू नका.

दुसरं मोजणं हिरडीच्या वर. जुनं फिलिंग आणि कीड सगळी काढून टाकल्यावर हिरडीच्या वर दाताची स्वतःची भिंत किती उंच उरते? सगळीकडून निदान दोन मिलिमीटर उंच आणि एक मिलिमीटर जाड असेल तर मी ती दाढ वाचवायला सांगेन. याचं कारण मुसळात आहे. मुसळाच्या टोकाला लोखंडी कडं असतं. ते नुसतं टोकावर टोपीसारखं ठेवून भागत नाही, लाकडाला चहूबाजूंनी आवळून बसावं लागतं. तसं बसलं की कितीही कांडलं तरी लाकूड फाटत नाही. कॅपनंही दाताच्या स्वतःच्या भिंतीला दोन मिलिमीटर तरी असं आवळून धरायला हवं. दंतवैद्य याला फेरूल म्हणतात. कॅप जर सगळी सिमेंटच्या भरावावरच बसली आणि खाली खऱ्या दाताला तिची मिठीच नसेल, तर ती कितीही महाग असो, सगळा जोर खालच्या मुळांवर पाचरीसारखा जातो.

तुमचा जिभेकडचा अर्धा भाग गेलाय, तेव्हा तिथे दोन मिलिमीटर मिळतील की नाही हीच खरी अडचण. तुकडा हिरडीच्या वर तुटला असेल तर काम सोपं. हिरडीच्या थोडा खाली तुटला असेल तर त्या बाजूची हिरडी आणि थोडं हाड खाली घेऊन दाताची भिंत उघडी करता येते, त्याला क्राउन लेंथनिंग म्हणतात. दाढेत यालाही मर्यादा आहे, कारण फार खाली गेलं की मुळांचा फाटा उघडा पडतो. आणि फक्त एका बाजूला थोडी भिंत कमी आहे, बाकी तीन बाजू भक्कम आहेत, अशा दाढा मी ठेवते. पण त्यात धोका थोडा जास्त आहे, हे स्पष्ट सांगून ठेवते.

पोस्टबद्दल मी जरा जास्त लिहिणार, कारण या शब्दानं लोकांना फार धीर येतो आणि तो धीर बहुतेक खोटा असतो. इमारतीच्या कॉलममध्ये लोखंडी सळई घालतात तशी दातात सळई घातली की दात मजबूत होणार, असं कुणालाही वाटेल. दाताचं तसं नाही. पोस्टनं मूळ मजबूत होत नाही. तिचं काम एवढंच, की वरचा भराव धरून ठेवायला भिंती उरल्या नसतील तर त्याला खाली अडकायला खुंटी मिळावी. ती खुंटी बसवायला मुळाच्या आतून आणखी दात कोरावा लागतो, आणि जितकं कोराल तितकं मूळ पातळ. खालच्या दाढेला बहुतेक वेळा पोस्ट लागतच नाही. तिच्या मध्ये नसेची खोली असते ती चांगली ऐसपैस, भराव तिथेच पक्का अडकतो. म्हणून दुसऱ्या डॉक्टरांना विचारा, पोस्टशिवाय भराव धरेल का? त्यांनी कारणासकट नाही म्हटलं तर खालच्या दाढेत ती मागच्या मुळात घालतात, ते जास्त सरळ आणि रुंद असतं. तळाशी गटापर्चा चार-पाच मिलिमीटर तरी जसंच्या तसं राहायला हवं. आणि पोस्ट फायबरची असावी असं माझं मत. धातूची ओतीव पोस्ट कडक असते, दाताबरोबर झुकत नाही, आणि बिघडते तेव्हा पुष्कळदा मूळच चिरून जाते. फायबरची पोस्ट बिघडली तर बहुतेक वेळा सुटून येते, आणि दात पुन्हा दुरुस्त करता येतो.

कॅप कोणती, यावर लोक तासभर चर्चा करतात, पण मला त्यात फार काही नाही वाटत. मागच्या दाढेला अख्खी धातूची कॅप आजही सगळ्यात भरवशाची. तिच्यासाठी दात सगळ्यात कमी घासावा लागतो. पण हसताना ती दिसते म्हणून बायका नको म्हणतात, ते मी समजू शकते. झिरकोनिया मजबूत आहे, दाताच्या रंगाची आहे, तुमच्या दाढेला ती चालेल. आत धातू आणि वर सिरॅमिक अशी जुनी कॅपही चांगली, फक्त तिला दात जास्त घासावा लागतो आणि वरचं सिरॅमिक कधीकधी उडतं. गालाकडच्या भिंती अगदी शाबूत असतील तर पूर्ण कॅपऐवजी ऑनले बसेल का, हेही विचारा. ऑनलेमध्ये फक्त वरचे उंचवटे झाकतात, बाजूचा चांगला दात तसाच ठेवतात. तुमच्या दाढेचा अर्धा भाग गेल्यामुळे शक्यता कमी आहे, पण विचारायला हवं. वॉरंटी कार्डवर किती वर्षं छापलीत त्यावरून निवडू नका. कार्ड कॅपचं असतं, दाताचं नसतं. काठाशी कॅप आणि दात यांच्यात तपासायच्या बारीक सळईचं टोक अडकतं का, एवढं बसवण्याआधी डॉक्टरांना पाहायला सांगा. अडकलं तर कॅप परत प्रयोगशाळेत पाठवणारा डॉक्टर चांगला समजा.

किती वर्षं टिकेल, हा तुमचा प्रश्न सगळ्यात अवघड आहे. अमेरिकेत २००४ मध्ये विम्याच्या नोंदींवरून रूट कॅनल झालेल्या १४ लाख ६० हजारांहून जास्त दातांचा माग काढला होता. आठ वर्षांनी त्यातले ९७ टक्के दात तोंडात होते. जे काढावे लागले त्यातल्या ८५ टक्क्यांवर पूर्ण कॅप नव्हती. तुमची दाढ या ९७ टक्क्यांतल्या सरासरी दाढेपेक्षा कमजोर आहे, हे मी लपवणार नाही. तिचा अर्धा भाग गेलाय, पंधरा महिने ती उघड्यावर राबलीय. पण मूळ चिरलेलं नसेल आणि दोन मिलिमीटरची मिठी मिळत असेल, तर दहा वर्षं तिच्याकडून मागायला हरकत नाही. माझ्या स्वतःच्या तोंडात अशी एक दाढ वीस वर्षांपासून आहे. ती टिकली याचं श्रेय मी कॅपच्या जातीपेक्षा तिच्या काठाला जास्त देते, कारण कॅपला कीड लागत नाही, काठाखालच्या दाताला लागते. तिथे दोन दातांमधला छोटा ब्रश रोज रात्री फिरवावा लागतो. रात्री झोपेत दात खाण्याची सवय असेल तर तेही सांगा, त्याला वेगळा गार्ड लागतो. कॅप सैल वाटली की त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, पुन्हा लग्नकार्य आडवं येऊ देऊ नका. आणि सुपारी त्या बाजूनं नाही. गजक चालेल.

इम्प्लांट वाईट नाही. मूळ चिरलेलं असेल तर मी तेच सांगेन. नीट निवडलेल्या रुग्णांत दोन्ही उपचार टिकण्यात जवळपास सारखेच ठरतात. फक्त क्रम लक्षात ठेवा. दाढ वाचवायचा प्रयत्न फसला तर नंतर इम्प्लांट करता येतं. दाढ काढून इम्प्लांट केलं आणि मग पश्चात्ताप झाला, तर दाढ परत येत नाही. शिवाय स्वतःच्या दाताच्या मुळाभोवती जो मऊ पडदा असतो त्यानं घासातला खडा चटकन कळतो, आणि नस गेली तरी हा पडदा जिवंत असतो. इम्प्लांटला तो नसतो. खर्चाची अडचण असेल तर शहरातल्या दंत महाविद्यालयात हेच काम कमी पैशात होतं. वेळ जास्त लागतो, पण दर टप्प्याला शिकवणारे डॉक्टर तपासतात.

आता तुमचा मुलगा. त्याला कॅप करू नका. तुमच्या भीतीपोटी त्याचा चांगला दात घासला जाईल. पुढच्या दाताचं काम वेगळं असतं, तो घास तोडतो, दाढेसारखा दळत नाही, आणि त्याच्या दोन भिंतींना फाकवणारा जोर येत नाही. अमेरिकेत सोरेन्सन आणि मार्टिनॉफ यांनी १९८४ मध्ये रूट कॅनल झालेल्या १,२७३ दातांचा अभ्यास केला. कॅपचा फायदा दाढा आणि उपदाढांना ठळक दिसला, पुढच्या दातांना दिसला नाही. मुलाचा दात फुटलेला नसेल, कोपरा शाबूत असेल, तर मागून पाडलेलं छिद्र दाताच्या रंगाच्या फिलिंगनं नीट बंद असलं की पुरे. कॅपसाठी पुढचा दात चहूबाजूंनी घासतात तेव्हा वर दिसणाऱ्या दाताचा निम्म्याहून जास्त भाग जातो, आणि सतराव्या वर्षी हे करणं मला पटत नाही. रंग काळपट होत असेल तर आतून ब्लीचिंग करता येतं. वर्षातून एकदा एक्स-रे काढा. आणि क्रिकेट बंद करायला सांगू नका, नेटमध्ये हेल्मेट घालायला सांगा.

डॉक्टरांकडे जाईपर्यंत उजव्या बाजूनं जेवा. तुटलेल्या जागी लवंगेचं तेल, तुरटी, फेव्हिक्विक असलं काही घालू नका. मऊ ब्रशनं ती जागा रोज दोनदा साफ करा, त्रास होणार नाही, नस नाही. कड जिभेला कापत असेल तर पाच मिनिटांत घासून गुळगुळीत करून मिळते, त्यासाठी थांबू नका. खुर्चीत बसल्यावर दोन्ही मोजणी करून घ्या, आणि हिरडीच्या वर चारी बाजूंना किती मिलिमीटर भिंत उरलीय ते कागदावर लिहून मागा. तो कागद आणि नवा एक्स-रे मला पाठवा.